परवाइल्ल

निपाणीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आप्पांनी, ते जाईपर्यंत, कशालाही चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांची तंबाखूची वखार होती. पान हुंगायचे, उन्हाला धरायचे आणि कितीही उंची माल असला तरी म्हणायचे, "परवाइल्ल." कानडीत ह्याचा अर्थ 'वाईट नाही', आणि 'असू दे' असाही. "चांगलं म्हटलं की माल शेफारतोय," हे त्यांचं तत्त्व. ते त्यांनी आमटीला, नातवाला आणि एकदा गोव्याच्या समुद्रालाही लावलं.

त्यांचं लग्नसुद्धा ह्याच शब्दानं झालं. आक्कांना बघायला ते फलटणला गेले होते. मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगी कशी वाटली?"

"परवाइल्ल."

मामांना कानडी येत नव्हती. त्यांना फक्त 'परवा' कळलं. ते आत धावले. "पसंत आहे! परवाच उरकायचं म्हणतात!" आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी आप्पा कुणाचा तरी उसना कोट घालून बोहल्यावर उभे राहिले. "मांडव घातल्यावर व्याकरण कुणाला शिकवायचं?" असं ते नंतर म्हणायचे. कोट परत करायचा राहूनच गेला.

आक्का मात्र त्यांच्या एका चांगल्या शब्दासाठी झुरायच्या. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांनी टीव्हीवर आपला लाडका सिनेमा लावला. नवरा-बायकोच्या भांडणांचा, जुना, विनोदी. गल्ली जमली. मुंडावळ्यांसकट नवरदेव विहिरीत पडला तेव्हा हसता हसता माझी चिवड्याची बशी सांडली. आक्का पडद्याकडं बघतच नव्हत्या, त्या आप्पांचं तोंड बघत होत्या.

"हिरीला कठडा न्हाई," आप्पा म्हणाले.

सिनेमा संपला. "कसा वाटला वो?" आक्कांनी विचारलं.

"परवाइल्ल."

"आनि मी? चाळीस वर्सं झाली. मी कशी वाटली, ते एकदा तरी सांगा की!"

"परवा..." आप्पांनी सुरुवात केली. मग आक्कांचे डोळे भरलेले दिसले आणि ते थबकले. "परवा सांगतो."

तो परवा उजाडला आणि गल्ली पुन्हा जमली, ह्या वेळी सिनेमाशिवाय. आप्पा तोच कोट घालून बाहेर आले. बटणं लागत नव्हती. आक्कांसमोर उभे राहिले, घसा खाकरला.

"लई..." म्हणाले. पुढचा शब्द येईना. पुन्हा "लई..." मला तर बघवेना.

आक्कांनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"परवाइल्ल," त्या म्हणाल्या. "बसा."