दोर बांधणं म्हणजे डाइव्ह नव्हे

उपेंद्र राव या माणसावर मी जितकी ओरडले, तितकी सख्ख्या नवऱ्यावरही कधी ओरडले नाही. आणि नवऱ्यावर मी कमी ओरडते असं आमच्या अण्णा नगरच्या इमारतीत कुणीच म्हणणार नाही.

माणूस गाईसारखा गरीब. तोच तर राग! गरीब माणसाने निदान स्वतःच्या जिवापुरतं तरी आडदांड असावं. हे गृहस्थ समुद्राच्या तळाशी जाऊन लोकांचे हरवलेले पाणचष्मे शोधून आणायचे, आणि वर आल्यावर ज्याचा चष्मा हरवला त्यालाच ‘सॉरी’ म्हणायचे.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर नवऱ्याच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यामुळे चेन्नईला आले आणि एका कंपनीत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले. रविवारी नवरा रात्रपाळीची झोप काढायचा आणि मी भिंतीशी भांडायचे. त्यावर उतारा म्हणून २००६ साली शहराच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या एका डायव्हिंग क्लबात नाव घातलं. पहिल्याच दिवशी पाठीवर हवेची बाटली चढवताना मी मराठीत एक सणसणीत शिवी हासडली, तर मागून आवाज आला, “बाई, तुम्ही मराठे की?”

हे उपेंद्रराव. वय सेहेचाळीस, काळा कुळकुळीत रंग, खाऱ्या पाण्याने तांबूस झालेले केस. तंजावरची मराठी माणसं. पूर्वज राजवाड्याच्या चाकरीत होते म्हणे. यांनी मात्र लहानपणी कावेरीच्या कालव्यात उड्या मारल्या, मग चेन्नई बंदरात एका कंत्राटदाराकडे जहाजांचे तळ खरवडले, आणि क्लब निघाल्यावर इथे गाइड झाले. क्लबचा मालक वेंकट हा त्यांच्या बायकोचा, सरोजाचा, मामेभाऊ. बंदरातलं काम सुटल्यावर दारी बोलावून नोकरी दिली, हा त्याचा उपकार. त्या उपकाराखाली उपेंद्रराव असे वाकले होते की पुन्हा सरळ झालेच नाहीत.

उपेंद्ररावांची मराठी ऐकून आधी मला हसू यायचं. नंतर सवय झाली, आणि नंतर तर ती ऐकायलाच मी तांबरमला त्यांच्या घरी जाऊ लागले. सरोजाक्का डांगराची पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, वाढायची आणि म्हणायची, “हे समुद्रांत काय करतात तें आम्हांस ठाऊक नाही. येतात, दोन तांबे पाणी पितात, निजतात.”

तर क्लबात वेंकटने एक सॉफ्टवेअर आणलं होतं. मनगटावर घड्याळासारखा कॉम्प्युटर बांधून पाण्यात जायचं, वर आल्यावर तो वायरने लॅपटॉपला जोडायचा. मग पडद्यावर तुमच्या डाइव्हची निळी रेघ उमटते. किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, वर येताना घाई केलीत का, सगळं. प्रत्येकाच्या नावाचं पान, प्रत्येक डाइव्हला क्रमांक. गिऱ्हाइकं ती रेघ बघून हरखायची. वेंकटला त्याचा भारी तोरा. बोट किनाऱ्याला लागायच्या आत त्याचा लॅपटॉप उघडलेला असायचा.

ते सॉफ्टवेअर मीच त्याला नीट बसवून दिलं. तेव्हा मी सहज विचारलं, “उपेंद्ररावांचं पान कुठाय?”

“गाइड्स नाहीत यात,” वेंकट म्हणाला. “हे मेंबर्ससाठी आहे.”

“पण तेच तर सगळ्यात जास्त पाण्यात असतात!”

“ते काम करतात, ऊर्मी. डाइव्ह वेगळी, काम वेगळं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भांडले, पण उपेंद्ररावच मध्ये पडले. “सोडा बाई. दोर बांधायास जातों तें काम. डाइव्ह नव्हें.” वेंकटने नुसत्या भुवया उंचावल्या, म्हणजे बघ, त्यालाही पटतंय. चोरापेक्षा मला त्या वेळी चोरी सोसणाऱ्याचा जास्त संताप आला.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. खोल पाण्यात बाटलीतली हवा घेताना त्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघतो, पण लगेच पुन्हा खाली गेलात तर आधीचा अंगात शिल्लक असतोच, त्यावर नवा चढतो. फार झाला आणि भसकन वर आलात की त्याचे बुडबुडे होतात, सांध्यांत अडकतात, मणक्यात अडकतात. माणूस लुळा होतो. म्हणून दिवसभरातली प्रत्येक डाइव्ह हिशोबात धरायची असते. मनगटावरचा कॉम्प्युटर ती धरतो. पण मनगटावर असला तर! क्लबाचे कॉम्प्युटर गिऱ्हाइकांना. उपेंद्ररावांना तो मिळायचा फक्त गिऱ्हाइकांना घेऊन उतरताना. आधी नांगराचा दोर तळाच्या खडकाला बांधायला जायचे तेव्हा हात मोकळा, आणि शेवटी सोडायला जायचे तेव्हाही मोकळा. आणि हाच धडा नवशिक्यांना फळ्यावर कोण शिकवायचं? उपेंद्ररावच. “कालचा भात, आजचा भात, अस्का एका भांड्यांत,” असं म्हणून. अस्का म्हणजे सगळा. सांगा, राग येणार नाही तर काय?

मार्चमधला तो रविवार. समुद्र शांत होता. आम्ही पाचजण बोटीवर. उपेंद्रराव आधी दोर बांधायला गेले, चोवीस मीटर. वर आले तोच एका गिऱ्हाइकाचा वजनासाठी कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा सुटून पाण्यात पडला. पुन्हा खाली. बराच वेळ शोधून पट्टा घेऊन आले. मग मनगटावर कॉम्प्युटर बांधून आम्हाला खाली नेलं, मासे दाखवले, सावकाश वर आणलं. झालं. वेंकटने हात पुढे केला, त्यांच्या मनगटावरचा कॉम्प्युटर काढून घेतला आणि लॅपटॉपला लावला. नांगर खडकात अडकला होता.

“उपेंद्रा,” वेंकट पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “नांगर.”

मी म्हटलं, “आता नको. दोर कापा. नवा घ्या.”

“सरी, सरी,” म्हणजे तमिळमधलं बरं बरं, “पाच मिनिटांचें काम,” म्हणत उपेंद्ररावांनी उडी मारली सुद्धा. नांगर सुटला तसे दोराबरोबरच वर आले, धापा टाकत.

दुपारी सरोजाक्काचा फोन आला. हे न्हाणीघरात पडले. खांदा ठणकतोय, पायाला मुंग्या आल्यात आणि आता मुंग्याही कळेनाशा झाल्यात. मी म्हटलं, अक्का, रिक्षा करून दाबपेटी असलेल्या दवाखान्यात या, मी पोचतेच. दाबपेटी म्हणजे लोखंडी कोठडी. माणसाला तीत घालून पाण्याखालच्यासारखा दाब देतात, प्राणवायू देतात, की बुडबुडे विरतात. पण वेळेत घालायला हवं. जितका उशीर तितका पाय हातचा जाणार. चेन्नईत एका खासगी रुग्णालयात ती होती, मधुमेह्यांच्या जखमांसाठी वापरायचे.

मी पोचले तेव्हा उपेंद्रराव खाटेवर होते आणि तरुण डॉक्टर त्यांचे गुडघे ठोकत होता. त्याने तमिळमध्ये विचारलं, आज किती डाइव्ह?

“ओण्णु, सार,” उपेंद्रराव म्हणाले. एक.

मला वाटलं माझेच कान वाजले. तेवढ्यात वेंकट आला. घाबरलेला होता, हे कबूल करते. पण घाबरलेला माणूस आधी कुणाची कातडी वाचवतो ते तेव्हाच कळतं. त्याने सॉफ्टवेअरमधून काढलेला कागद डॉक्टरपुढे धरला. एक डाइव्ह, अठरा मीटर, वर येण्याचा वेग उत्तम. निळी रेघ कशी सुबक!

डॉक्टर म्हणाला, “एवढ्याने हा आजार होत नाही. मणक्याची चकती सरकली असेल. उद्या स्कॅन करू.”

उद्या! मी ओरडले, “चार वेळा गेलेत ते! मी बोटीवर होते. तीन वेळा चोवीस मीटर!”

“मॅडम इमोशनल झाल्यात,” वेंकट म्हणाला. “सॉफ्टवेअरमध्ये एकच आहे. तुम्ही बघा ना.”

डॉक्टरने पुन्हा उपेंद्ररावांना विचारलं. त्यांनी वेंकटकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, ओण्णु. डॉक्टरने खांदे उडवले. पेशंटच सांगतोय, कागदही तेच सांगतोय. मग ही साताऱ्याची बाई कोण?

तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाटेचा दांडा धरून मराठीत तोंड सोडलं. “अहो, लुळे व्हाल! जन्मभर खुरडत बसाल! खोटं का बोलता?”

“खोटें नव्हें बाई,” ते शांतपणे म्हणाले. “डाइव्ह एकच. बाकी काम की. आणि वेंकट आमचा मनुष्य. त्याचा क्लब बंद पाडूं काय?”

खोटं नव्हतंच ते. इतकी वर्षं त्यांना जे शिकवलं होतं तेच ते सांगत होते. अशा खऱ्याला काय करायचं? मी रडकुंडीला आले, आणि राग आला की मला रडू येतं याचा मला आणखी राग येतो.

सरोजाक्का इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. अंबाड्यातला आकडा काढला आणि नवऱ्याच्या तळपायात टोचला.

“कळतें?”

“काय?”

तिने पुन्हा टोचला. रक्ताचा थेंब आला. उपेंद्रराव तिच्या तोंडाकडे बघत होते, पायाकडे नाही. टोचलेलं त्यांना कळलंच नव्हतं.

वेंकट म्हणाला, “अक्का, हे काय करतेस...”

“तू गप.” आत्तापर्यंत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. “मामाचें घर मामाकडे राहूं दे. हे पाय माझ्या घरचे.” मग नवऱ्याकडे वळली. “दोर बांधायास कोठें गेलांत? पाण्यांत की गच्चीवर?”

उपेंद्ररावांची नजर वेंकटकडे वळली.

“पाण्यांत की गच्चीवर? त्या डॉक्टरास सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. मग डॉक्टरकडे मान वळवून, गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, “नालु, सार. नालु.”

चार. डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. किती खोल, किती वेळ, शेवटी वर कसे आलात, भराभर विचारलं, आणि उत्तरं संपायच्या आत फोन उचलून दाबपेटीच्या माणसाला बोलावलं. वेंकटचा कागद खाटेखाली पडला, तो कुणी उचलला नाही.

उजवा पाय परत आला. डावा पूर्ण आला नाही. काठी घेऊन, पाऊल फरफटत ते चालू लागले. थोडं लवकर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाला, आणि पुढे म्हणाला, पाण्यात पुन्हा कधी जायचं नाही.

वेंकटने सफरचंदांची पेटी पाठवली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याला सफरचंदं तरी मिळाली! मी क्लबात गेले तर फळ्यावर नवी सूचना: नांगराचं काम हे डाइव्ह म्हणून धरलं जाणार नाही. खाली नव्या गाइडची सही. मी वेंकटला विचारलं, “चौथ्यांदा त्यांना खाली कोणी पाठवलं?” म्हणाला, “मी फक्त ‘नांगर’ म्हणालो.” त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. क्लब त्याच दिवशी सोडला.

पण ते निळ्या रेघेचं पान डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन तांबरमला गेले. तेच सॉफ्टवेअर मी माझ्याकडे बसवलं होतं. उपेंद्ररावांसमोर उघडलं, नवं पान केलं, नाव लिहिलं: उपेंद्र राव.

“कशास बाई?” ते म्हणाले. पण खुर्ची पुढे ओढली.

“कुठून सुरू करू? कालव्यापासून? बंदरापासून?”

“त्याला मोज कोठें आहे? त्या दिवसाचें लिहा. डॉक्टरास सांगितलें तेवढेंच.”

मी हाताने भरत गेले. एक, दोर बांधला. दोन, पट्टा शोधला. तीन, गिऱ्हाइकं. चार, नांगर. चौथी भरल्याबरोबर रेघ लाल झाली आणि पडद्यावर धोक्याची खूण आली. सॉफ्टवेअरला सगळं कळत होतं. फक्त कुणी त्याला सांगितलं नव्हतं. उपेंद्रराव ती लाल रेघ बोटाने गिरवत राहिले. आपली रेघ ते पहिल्यांदाच बघत होते. “बरी आली की,” म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली, “सरोजा, येऊन बघ. अस्कें माझें.”

सरोजाक्का पदराला हात पुसत आली. मी ‘जतन करा’वर टिचकी मारली. तशी त्या सॉफ्टवेअरने, शहाण्यासारखं, आपणहून पुढचं कोरं पान उघडलं. वर नाव उपेंद्र राव, डाइव्ह क्रमांक पाच, आणि खाली सगळे रकाने रिकामे.

“हें काय?” त्यांनी विचारलं.

“पुढची,” मी म्हटलं.

 मग त्यांनी काठी सरकवून डावा पाय हाताने उचलला आणि सरळ करून ठेवला.

“हें पुसतां येतें काय?”

“नाही. ते आपोआप येतं.”

“सरी,” ते म्हणाले, आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. मी मात्र त्या दिवशी घरी जाईपर्यंत रिक्षावाल्याशी, कंडक्टरशी आणि दार उघडणाऱ्या नवऱ्याशी भांडले.