प्रेमाची हाक

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरानं जुनी जात सोडली होती. पण यवतमाळच्या कॉलेजात फुटबॉल खेळताना आमचा कॅप्टन मला कधी नावानं हाक मारायचा नाही. आधी "अबे" म्हणायचा आणि पुढे तीच जात जोडून बॉल मागायचा. भर मैदानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मी खेळाच्या सरांकडे तक्रार केली. ते हसले. "तू कायले मनावर घेऊन राह्यला? त्याच्या गावात असंच बोलतात. प्रेमानं म्हणते तो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढं प्रेम होतं, तर त्याच्या गावात आमच्या लोकांची विहीर वेगळी कायले होती?

दुसऱ्या दिवशी सरावाच्या मॅचला पंच तेच सर होते. बॉल कॅप्टनच्या पायात होता आणि मी गोलसमोर मोकळा. मीही आधी "अबे" म्हटलं, पुढे त्याची उच्च जात जोडली आणि खणखणीत आवाजात बॉल मागितला. अगदी प्रेमानं.

तिथल्या तिथे शिट्टी वाजली. सर लालबुंद होऊन माझ्या अंगावर धावून आले.

"निघ मैदानातून! गेला ना शेवटी जातीवर!"