थोरल्याच्या वाट्याचं झाड

ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. साहेबाचं राज्य होतं आणि अक्कलकुव्याच्या ठाण्यात बायकांची झडती घ्यायला माझी नेमणूक होती. शाळा काही पाहिली नाही. लिहायला ठाण्यातच शिकले, म्हणून बोलते तसंच लिहिते.

डोंगरातल्या गावाहून एक माणूस वर्दी द्यायला आला. धाकट्या भावाला त्याच्याच बायकोने दारूतून धोतरा देऊन मारलं, असं त्याचं म्हणणं. प्रेत जाळून झालेलं, तपासायला काही उरलं नव्हतं. बाईला आणली. दारू दिली का? दिली. पुढे तोंड बंद.

हवालदार विचारून विचारून थकले. "काबर बोलत नही वं? फासावर जाशी," म्हणाले. ती भिंतीकडे बघत राहिली.

खोटं बोलणारा सहसा जास्तच बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. मी तिला भाकरी दिली, शेजारी बसले आणि तिच्या भिली बोलीत एवढंच विचारलं, की जाताना त्याला फार त्रास झाला का.

तेव्हा बोलली. नवरा आधीच हिवतापाने खंगलेला, त्यात हातापायांत गोळे येत होते, घामाने गोधडी भिजली. "छातीवर हात ठेवला होता मी. आत ढोल वाजत होता. मग ठेका चुकायला लागला. मग हाताला काहीच लागेना."

फौजदारांनी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, धोतऱ्याने अंग कोरडं पडतं, असा घाम सुटत नाही. झाडावरचा मोठा केसाळ कोळी चावला तर घाम सुटतो, गोळे येतात, काळीज सैरावैरा धावतं. माणूस बहुधा वाचतो, पण हिवतापाने खंगलेलं काळीज थांबूही शकतं.

कोळी कुठल्या झाडावर चावला, मी विचारलं, तशी ती रडली. तिथे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली. दुसऱ्याच्या झाडाचं फूल कुणी उचलत नाही. नवरा पहाटे थोरल्याच्या झाडाकडे गेला आणि ढोलीत साठलेली फुलं काढायला हात घातला. दारू तिने कळ सोसवेना म्हणून पाजली होती. मेलेल्या माणसाला चोर म्हणवायचं नव्हतं तिला.

फौजदार थोरल्याला घेऊन झाडापाशी गेले. ढोलीत काठी घातली, तर तळहाताएवढा कोळी बाहेर आला. थोरला तिथेच खाली बसला.

"मागितली असती तर दिली नसती का मी?" एवढंच म्हणाला.

बाई सुटली. गप्प राहणाऱ्याला पुन्हा मी कधी कुणाला दरडावू दिलं नाही, पण त्या दिवसापासून या नोकरीचा शीण येऊ लागला तो गेलाच नाही.

पुढल्या वर्षी ती बाजारात भेटली. थोरल्याने ते झाड तिला दिलं होतं. फुलं वेचतेस का, विचारलं.

"वेचते," म्हणाली, "ढोलीतली सोडून."