ट्रंकेवरचा पत्ता

आमच्या पाटण भागात बऱ्याच घरांत एक काळी ट्रंक असते. पलटणीत भरती झालेल्या पोराला बाप ती घेऊन देतो आणि पांढऱ्या रंगानं तिच्यावर पत्ता लिहितो. पोर जिथं चाललंय तिथला नाही, घरचा. माणसाचं काही बरंवाईट झालंच, तर निदान ट्रंक तरी बरोबर दारात यावी. माझ्या ट्रंकेवर वडिलांनी लिहिला होता. मी पेन्शन घेऊन त्याच पत्त्यावर परत आलो, धडधाकट.

माझी मुलगी नर्स. सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात राबायची. पगार एवढा थोर, की खोलीभाडं आणि मेस भागवली की गावी यायच्या एसटीला ती आईकडं पैसे मागायची. मग तिनं जर्मन भाषेचा क्लास लावला आणि एक दिवस सांगितलं, जर्मनीत नोकरी लागली. मी बाजारात जाऊन ट्रंक आणली.

"ती काय पलटणीत चाललीया व्हय?" बायकोनं विचारलं.

"एकच की. नोकरी करंल, पेन्शन घील, यील माघारी."

"आवं, पलटणीतनं वय झालं की घरला धाडत्यात. तिला तितनं कोण धाडणार हाय?"

मला असला राग आला, की मी सरळ रंगाचा डबा उघडला. माझं अक्षर चांगलं आहे. पलटणीतल्या पाट्या मीच रंगवायचो. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं ठसठशीत लिहिलं. विमानात पत्र्याची पेटी नेतात का म्हणून मुलगी पोट धरून हसली आणि चाकांची बॅग ओढत गेली. ट्रंक माळ्यावर पडली.

मी मात्र पारावर छाती काढून सांगायचो, पोरगी नोकरी संपली की येणार. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक पुसायचो. पत्ता उडालेला नसायचा.

यंदा ती जत्रेला आली. मटणाच्या रश्श्यावर ताव मारला, पालखीपुढं मनसोक्त नाचली. बघून मला वाटलं, बायको उगाच घोर लावून बसली होती. निघायच्या सकाळी मुलीनं बॅगेला अडकवायची पट्टी माझ्यापुढं धरली.

"आबा, तुमचं अक्षर चांगलंय. पत्ता लिहा ना. बॅग हरवली तर घरी पोचायला पाहिजे."

मला कोण आनंद झाला. चष्मा लावला आणि लिहिलं, मु. पो.

"आबा, इथला नाही हो. घरचा."

ती बॅगेची चेन ओढत होती. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. चटणीची पिशवी बांधणाऱ्या बायकोचा हात तेवढा थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

पोरीची काही चूक नव्हती. चूक असती तर मी ओरडलो असतो, आणि ओरडून मोकळा झालो असतो. मी मु. पो. खोडलं. ती एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेली, मी लिहीत गेलो.

गाडी वळणाआड गेल्यावर बायको म्हणाली, "ती ट्रंक काढा खाली. जोंधळं भराय हुईल."

मी काढून दिली.