बाबाची शेवटची तार

जयभीम मंडळी.

बाबाले लकवा मारला, वाचा गेली. माझ्या पोरीनं मायक्रोकंट्रोलरची डबी बनवली. जॉयस्टिकनं अक्षर शोधायचं, बटन दाबलं का पडद्यावर उमटते.

आज अर्धा तास खपून बाबानं लिहिलं, "सुरेशले कळव. तब्येत गंभीर, लवकर ये." सुरेश म्हंजे माझा पुण्याचा भाऊ. चार वर्षं झाले, आला नाही.

सत्तरच्या दशकात बाबा कामरगावच्या पोस्टात तारबाबू होते. तवा माणूस मेला असला तरी लोक तारेत हेच लिहायले लावत. वाचणारा समजून जाये.

"बाबा, त्याले वाटंल तुमी गेले!" मी ओरडलो.

बाबाचा अंगठा पुन्हा अक्षरं शोधू लागला. "मंग तरी येईल."

फोन हातात घेऊन बसलो आहो. तुमीच सांगा, पाठवू का?