आईची उपाशीपोटीची गोळी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या सरांनी शिकवलं, की माणसाच्या वागण्याचं मूळ त्याच्या मेंदूत, रक्तात आणि आईबापाकडून आलेल्या जनुकांत असतं. ते ज्ञान मी घरी आणलं आणि सगळ्यांना वैताग आणला.

वडील वाळूजच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून, ट्रॅफिकला शिव्या घालत आले, की मी म्हणायचे, "पप्पा, हे तुम्ही नाय बोलत, ॲड्रेनॅलिन बोलतंय."

"मग त्यालाच चहा पाज."

भावाच्या हातातला मोबाइल सुटत नसे, ते डोपामाइन. वैजापूरची आत्या हट्टी, ती जनुकं. आजोबाही तसलेच होते म्हणे.

आईपाशी मात्र माझं शास्त्र संपायचं. वर्षभरात ती पार बदलली होती. बसल्या जागी पेंगायची, भाजीत मीठ विसरायची, एवढ्यातेवढ्यावरून रडायची. एप्रिलच्या उन्हातही पंखा बंद करायला लावायची. पप्पा म्हणत, "लई आळशी झालीय." आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळून नजर काढली. आणि मी म्हणायचे, "तिचा स्वभावच तसा."

परीक्षा तोंडावर आल्यावर ग्रंथींचा धडा उघडला. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं, तर माणूस सुस्तावतो, विसरतो, उदास होतो, त्याला थंडी वाजते. वाचता वाचता समोर पाहिलं. आई भर उन्हाळ्यात स्वेटर घालून मेथी निवडत होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्कूटीवर बसवून क्रांती चौकातल्या लॅबमध्ये नेलं. "मला काय धाड भरलीय?" हेच वाटभर चाललं होतं. रिपोर्ट आला. थायरॉइड चांगलाच बिघडलेला. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी दिली. आईला तिथंच रडू फुटलं.

"म्हंजे मी आळशी नव्हते व्हय?"

दोन-अडीच महिन्यांत ती माणसात आली. भाकरी थापताना गुणगुणायला लागली, गच्चीवरून शेजारणीशी तासतासभर बोलायला लागली. एका रविवारी पप्पांनी हळूच विचारलं, "तेव्हा आळशी म्हणलो, त्याचा राग नाय ना आला?"

"आला की. अजून आहे."

मी लगेच म्हणाले, "आई, मग गोळी वाढवून घ्यावी लागेल."

"गप बस," आई म्हणाली. "हा थायरॉइडचा नाय, माझा राग आहे."

पप्पांनी तिच्या पुढ्यातली विळी ओढली आणि कांदा चिरायला घेतला. जाड चिरताय म्हणून आईनं त्यांना दोनदा टोकलं.