मेहुण्याच्या उतारावरचं कापड

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रस्त्यात गटाराची जाळी दिसली की मुकादमाची मान आपोआप खाली जाते. जाळीत पाला आहे की गाळ, हे पाहिल्याशिवाय पाय पुढे पडत नाही. बायको म्हणते, "लोक समोर बघून चालतात, तुम्ही खाली. एक दिवस खांबावर आपटाल." आपटून झालंय, हे त्याने तिला सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं त्याने पालिकेच्या पावसाळी गटारांचं काम केलं. पहिली बारा वर्षं खाली उतरून, गुडघाभर गाळात, घमेली वर देत. पाच जणांची टोळी होती. कोणी अंगचोरी केली तर बोलून दाखवत नसत, पण दुसऱ्या दिवशी त्याला जड बाजूला उभं करत. गाळ बोटांत चोळून ते सांगायचे: हा रस्त्याचा, हा वीटभट्टीचा, हा टेकडीवरचा लाल. टेकडीचा गाळ दर वर्षी वाढत गेला. वर घरं होत होती, खाली गावचं तळं गाळाने भरत होतं. मुकादम तिथेच पोहायला शिकला होता, तेव्हा तळाला पाय लागत नसे. पुढे बदकंसुद्धा चालत पलीकडे जाऊ लागली.

मग पालिकेचा नियम आला. खोदकाम करायचं तर उताराच्या पायथ्याला कापडाचं कुंपण, उघड्या मातीवर पेंढा, बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुतलेली. गटारात पाणी जावं, माती जाऊ नये. तपासून दाखला द्यायचं काम मुकादमाकडे आलं, कारण साहेबांना चिखलात उतरायचं नव्हतं आणि याला चिखल कळत होता.

कुंपणाचं खरं काम जमिनीखाली असतं. कापडाची खालची कड वीतभर खोल चरात गाडावी लागते, वरून माती ठोकून. नाही तर कुंपण वर झोकात उभं आणि माती खालून पसार. म्हणून मुकादम दर दहा पावलांवर वाकायचा, माती उकरायचा आणि हात चरात घालायचा. मनगट आत गेलं तरच पुढे. ठेकेदार त्याला मागून 'सुईण' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

नोकरीचा शेवटचा महिना होता. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. मेहुण्याने टेकडीच्या कुशीत शाळेच्या इमारतीचं खोदकाम घेतलं होतं. त्याचं हे पहिलंच मोठं काम. दाखल्याशिवाय यंत्र चालवता येणार नव्हतं, आणि उघडीप गेली की हंगाम गेला.

"दाजी, बघा कसं ताठ उभं केलंय!"

"ताठ तर बुजगावणंही असतं." मुकादमाने एका बोटाने कापड ओढलं. सगळी कड वर आली. "वरच्यावर ठेवलंस. खोद."

"अहो, घरचं काम आहे..."

"घरचं आहे म्हणून खोद म्हणतोय. परका असता तर दाखला न देता, तोंड न उघडता निघून गेलो असतो."

त्या संध्याकाळी ताट जरा जास्तच जोरात पुढ्यात आलं.

"माझ्या भावाचीच माती तेवढी दिसते का तुम्हाला?"

"सगळ्यांची दिसते. त्याची जवळून दिसते."

दुसऱ्या दिवशी चर तयार होता. मुकादमाने तेवीस ठिकाणी हात घातला. शेवटचा कोपरा विटांच्या ढिगामागे होता. गुडघे ठणकत होते.

"तिकडचं मी स्वतः खोदलंय, दाजी. चहा निवतोय."

मेहुण्याच्या तळहातांवर फोड आले होते. ताजे, फुटलेले. ते पाहिले आणि मुकादम विटांमागे गेलाच नाही. चहा घेतला, दाखल्यावर सही केली.

तिसऱ्या दिवशी तासभर पाऊस पडला. खालच्या जाळीत लाल पाणी उतरत होतं. त्या धारेच्या मागोमाग चढत मुकादम विटांच्या ढिगापाशी पोचला. चार हात कापड वाऱ्यावर हलत होतं. त्याखाली कातळ होता.

"पहारेनेही हलेना हो," मेहुणा म्हणाला. "मग वरून माती लोटली."

"कातळ लागला तर मातीच्या पिशव्या रचतात. सांगायचं होतंस."

"तुम्ही हात घातला असता तर कळलंच असतं."

बोलणं खरं होतं. खरं होतं म्हणून लागलं. तिथल्या तिथे कोपरा बुजवला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. साहेब चिखलात येणारे नव्हते. मेहुण्याचं काम चालू राहिलं असतं, मुकादमाची एकतीस वर्षं कोरी राहिली असती. तो विटांवर थोडा वेळ बसला. मग कचेरीत जाऊन त्याने दाखला रद्द केला आणि वहीत लिहिलं: कोपरा न तपासता सही केली. चूक माझी.

साहेबांनी दोनदा वाचलं. "अहो, महिन्याने घरी जाताय. हे कशाला?"

"माझ्यानंतर येणाऱ्यासाठी. ढिगामागे बघायचं असतं, हे त्याला कळू दे."

यंत्र थांबलं. पण दुसऱ्या दिवशी कामाची वेळ संपल्यावर मुकादम स्वतःचं फावडं घेऊन उतारावर आला, तेव्हा मेहुण्याने पुढे होऊन पिशवीचं तोंड धरलं. मुकादमाने भरायची, मेहुण्याने बांधायची. बांधलेली प्रत्येक गाठ मुकादम सोडून पुन्हा बांधायचा.

"तुम्हीच बांधा ना मग!"

"तू भर. पाऊणच भर, दगडासारखी ठासू नकोस. पिशवी कातळावर बसली पाहिजे."

निरोपाच्या समारंभात कोण काय बोललं, ते मुकादमाला आज आठवत नाही. त्या दोन संध्याकाळी मात्र आठवतात. ओल्या पिशव्यांचा वास आठवतो, आणि खांद्यातली कळ. त्यानंतर इतकं सरळ काम त्याच्या हातून झालं नाही, असं त्याला वाटतं.

दुसऱ्या संध्याकाळी दोघं घरी आले ते केसांपर्यंत लाल होऊन. बायकोने दारातच अडवलं. बादली आणून आधी भावाच्या अंगावर ओतली.

"काय रे, मिळाला का दाखला?"

"नाही ताई. उद्या पुन्हा बघणार म्हणतायत."

ती नवऱ्याकडे वळली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले होते.

"बघू दे त्यांना," ती म्हणाली, आणि दुसरी बादली भरायला आत गेली.